सुधाच्या वाट्याचं सफरचंद

अर्णव आणि सई, तुमची काकीआजी जाऊन आज सात आठवडे झाले. गेल्या रविवारी फोनवर सई म्हणाली, "बरं झालं ना आजी, काकीआजीला एकदा तरी ते आतून लाल सफरचंद खायला मिळालं." मी "हो" म्हणाले आणि विषय बदलला. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या आईने मोठ्याने वाचून दाखवावं, मध्ये काही गाळू नये.

सुधा माझी धाकटी जाऊ. मुलुंडला एकाच इमारतीत आम्ही चाळीस वर्षं राहिलो, मी तिसऱ्या मजल्यावर, ती पहिल्यावर. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, ऑफिसात वरच्या जागेवरून निवृत्त झालेली. ती मालवणजवळच्या गावातून लग्न होऊन आलेली, दहावी झालेली. या घरात कागदपत्रं, पाहुणे, बँक, सगळं माझ्याकडे असे. आणि माणसं तिच्याकडे असत... हे मला फार पूर्वी कळलं होतं, पण सहन झालं ते तुम्ही दोघं बोलायला लागेपर्यंतच. तुम्ही मला फोन करायचात तेव्हा गुडघे विचारायचात, गोळ्या विचारायचात. तिला फोन लावायचात तो सफरचंद कापून दाखवायला.

ते कसं सुरू झालं आठवतं ना? तिकडे अमेरिकेत, तुमच्या ऑरेगनच्या त्या शनिवारच्या बाजारातून अर्णवने एक फिकट हिरवं, अगदी सामान्य दिसणारं सफरचंद आणलं आणि कॅमेऱ्यासमोर कापलं. आत कलिंगडासारखं लाल! सुधा ओरडली, "अगो बाय माझे! रंगवलास की काय रे?" तुम्ही नाव सांगितलंत, हिडन रोझ. मग दर शरद ऋतूत तुम्ही नवी जात शोधायची आणि तिने इकडे फोनकडे बघत टाळ्या पिटायच्या. मी बाजूला बसलेली असे. एकदा मी म्हटलं, "ते रंगद्रव्य असतं, जांभळातही असतंच की." तुम्ही तिला पुढची फोड दाखवत राहिलात.

तेवढ्यावर भागलं असतं तर ती सुधा कसली. तिने मुंबईत शोध सुरू केला. काश्मिरी, किन्नौरी, इराणी, मिळेल त्या जातीचं एकेक आणायचं, कापायचं, उजेडात धरून बघायचं. स्टेशनजवळचा फळवाला वैतागायचा. "मावशी, सगळी आतून पांढरीच असतात. कशाला वाट लावता?" "कापल्याशिवाय तुका तरी कसां कळला रे?" ती विचारायची. पवईच्या एका मोठ्या दुकानात परदेशी फळं येतात असं तिला कोणीतरी सांगितलं, तेव्हा रिक्षाने मला ओढत घेऊन गेली. तिथेही पांढरीच निघाली. शेवटी तिने फोडी कोकमाच्या आगळात बुडवून लाल केल्या आणि तुम्हाला फोटो पाठवला. तुम्ही दोघं किती हसलात! तो फोटो तुमच्या फ्रिजवर लावलाय असं तुमच्या आईने कौतुकाने सांगितलं. माझे वाढदिवसाचे फोटो कुठे लावलेत, ते मी विचारलं नाही.

मग गेल्या ऑक्टोबरात तुमची आई आली आणि येताना दोन हिडन रोझ घेऊन आली. एकावर सईच्या अक्षरात 'आजी', दुसऱ्यावर 'काकीआजी'. सुधा तेव्हा चेंबूरला लेकीकडे होती, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तुमची आई दोन दिवसांत बंगलोरला कामाला गेली. सुधाचं सफरचंद माझ्या फ्रिजमध्ये राहिलं. माझं मी लगेच खाल्लं. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला आणि पहिला प्रश्न, "काकीआजीने कापलं का?" माझं कसं लागलं हे तुम्ही विचारलंत, पण शेवटी, फोन ठेवता ठेवता.

फोन ठेवला आणि मी ओट्यापाशी उभी राहून तिचं सफरचंद कापलं. भूक नव्हती. सगळं संपवलं, सालासकट.

सुधा घरी आली तेव्हा मी सांगितलं, "नासलं गं ते. टाकावं लागलं." ती म्हणाली, "असांदे, वयनी. तुमचां खाल्ल्यात मां? कसां लागलां ता तरी सांगा."

"साधंच," मी म्हटलं. "काही विशेष नाही."

तेवढंही मी तिला दिलं नाही.

त्याच संध्याकाळी तुम्ही व्हिडिओवर आलात. मी तिच्या शेजारीच बसले होते. आता ती सांगणार, सफरचंद नासलं म्हणून, या विचाराने मी कॅमेऱ्यासमोरून जरा बाजूला सरकले. "काकीआजी, खाल्लंस? कसं होतं?" आणि सुधा काळ्या चष्म्याआडून हसून म्हणाली, "झकास! आधी करवंदासारखां आंबट, मगे गावच्या गुलाबी पेरूसारखां. आणि खाऊन झाल्यार पण तोंडात वास रवता." तुम्ही खुशीत ओरडलात. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला काय कळलं होतं, किती कळलं होतं, मी कधी विचारलं नाही. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. खरं सांगते, वाटला तो मत्सरच... न खाल्लेल्या फळाबद्दलही ती माझ्यापेक्षा छान बोलली होती.

पुढच्या हंगामात पुन्हा पाठवू, असं तुम्ही तिला म्हणाला होतात. जानेवारीत ती गेली.

तर मुलांनो, तुमच्या काकीआजीने ते आतून लाल सफरचंद कधीच खाल्लं नाही. तिच्या वाट्याचं मी खाल्लं. दोन्ही मीच खाल्ली, आणि आता ती कशी लागली होती हे आठवायला बसले तर मला आठवत नाही. करवंद, गुलाबी पेरू आणि तोंडात राहिलेला वास, एवढंच आठवतं.