सासऱ्यांनी फ्लेक्सवर छापलेला गँट चार्ट

गँट चार्ट कुणालाही करून द्यावा, पण फौजेतून निवृत्त झालेल्या सासऱ्याला देऊ नये. मी दिला, आणि त्या एका हंगामात माझे केस दोनदा पांढरे झाले.

विश्रामबागेतल्या ऑफिसात माझं कामच ते. तारखांच्या खाली प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी, तिच्यापासून पुढच्या कामाकडे जाणारा बाण. एक काम लांबलं की त्याच्यामागची सगळी रांग सरकते. रोज सरकवावं लागतं म्हणून तर ते कॉम्प्युटरवर करायचं. सासऱ्यांना तासगावजवळच्या रानात, द्राक्षं उतरायच्या आत, बेदाणा वाळवायची शेड उभी करायची होती. खड्डे, खांब, पत्रे, जाळ्या, रंग अशा झकास पट्ट्या ओढून मी त्यांच्या मोबाइलवर पाठवल्या.

पुढच्या रविवारी गेलो तर बांधावर त्याच चार्टचा फ्लेक्स! एवढा मोठा की एसटीचे ड्रायव्हर गाडी थांबवून वाचायचे आणि प्रवासी उतरून सेल्फी काढायचे. कोपऱ्यात माझा लग्नातला फोटो, फेट्यासकट.

"मामा, आवं हे रोज बदलत असतंय!" मी सासऱ्यांना म्हणालो.

"फ्लेक्सवर छापलंय त्ये कसं बदलंल? आर्डर म्हंजे आर्डर, पाव्हणं."

झालं. खड्डे काढणारी माणसं यात्रेला गेली. मी लॅपटॉपवर सगळं पुढं ढकललं, फ्लेक्स ढिम्म. छापल्या तारखेला ट्रॅक्टर आला आणि जिथं खड्डे काढायचे तिथंच पत्रे टाकून गेला. ते हलवताना निम्मे असे वाकले की त्यात म्हशीनं झोका घ्यावा. रंगारीही तारखेला हजर. खांब उभे नव्हते, तर मामांनी जमिनीवर पडलेले खांबांचे लोखंडी अँगलच रंगवून घेतले. दुसऱ्या दिवशी वेल्डरनं ते बघून कपाळावर हात मारला.

"रंगावर वेल्डिंग धरंल व्हय? आदी खरवडा!"

खरवडलं कुणी? जावयानं. "चार्ट तुमचाच हाय की," मामा खुर्चीतून म्हणाले.

मी हात जोडले. "निदान द्राक्षं तोडणाऱ्या टोळीला तरी थांबवा."

"टोळीला हीच तारीख दिलीया. आता परत लावली तर हंगाम सरल्यावर गावंल. मग बाग काय पाखरांना घालायची?"

टोळी आली. जाळ्या द्राक्षांनी भरल्या, आणि वर छप्पर फक्त अर्ध्या शेडवर! तेवढ्यात पश्चिमेला आभाळ असं काळं झालं की कोंबड्या खुराड्यात शिरल्या. भिजला की बेदाणा काळा पडतो, मग त्याला कुत्रं विचारत नाही. वर्षाची सगळी बाग त्या उघड्या जाळ्यांवर पसरलेली.

"फ्लेक्स सोडा!" मामांनी सीमेवर आरोळी ठोकावी तशी ठोकली.

सगळे धावले. दोऱ्या कापल्या, फ्लेक्स ओढत आणला, छापील बाजू खाली करून उरलेल्या सांगाड्यावर ताणून बांधला. मग कवठाएवढे थेंब कोसळले. आम्ही खाली उभे. द्राक्षं कोरडी. माझ्या डोक्यावर, जिथं पत्रे असायला हवे होते बरोब्बर तिथं, हिरवी पट्टी: पत्रे बसवणे.

मामांनी ती बोटानं दाखवली.

"बघा पाव्हणं. झालं का न्हाई वेळंत?"

कोपऱ्यातल्या दोरीच्या भोकातून, फोटोतल्या माझ्याच फेट्यावरून, पाणी माझ्या मानेवर गळत होतं. आणि उरलेले अँगल अजून खरवडायचे होते.