पाळण्यात निजवलेला कपाचा कान

इथे आखातात, हमरिया भागात राहणाऱ्या हवाबीला तुटलेलं काही बघवत नसे. तिची लेक अंबरीन माझ्या वर्गात होती, तेव्हा तिच्या दप्तरातली मोडकी पट्टीसुद्धा चिकटवलेली असायची. तिचा नवरा तौहीद मला म्हणायचा, "बाई, हिच्यासमोर जांभई देऊ नका. तोंड उघडं दिसलं तर गोंद लावेल."

रत्नागिरीकडची हवाबी मार्था मॅडमकडे घरकाम करायची. मॅडम सत्तरी ओलांडलेल्या इंग्रज बाई, विधवा, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या दिवाणखान्यात एक काचेची पेटी होती. तीत वाळू, वाळूवर पांढरा कप आणि शेजारी बाहुलीच्या पाळण्यात, पांघरूण घालून निजवलेला त्याच कपाचा तुटका कान. मॅडमच्या मावशीने ती तरुणपणी लंडनमध्ये केलेली. स्वप्नात दिसावं तसं जग मांडणारे, स्वतःला सर्रिअलिस्ट म्हणवणारे जे चित्रकार होते, त्यांच्यातली ती. हवाबीला मात्र एवढंच दिसे, की इतका चांगला कप कुणी जोडत नाही.

२०१४च्या उन्हाळ्यात मॅडम इंग्लंडला गेल्या. परत आल्यावर खूश होतील म्हणून हवाबीने पेटी उघडली आणि कान इतका बेमालूम चिकटवला, की भेग दिसेना.

मॅडम आल्या आणि पेटीसमोर उभ्या राहिल्या.

"हे मीच केलं का? जाण्याआधी?"

त्यांचा चेहरा पाहून हवाबी घाबरली. "मालूम नाय, मॅडम."

मग स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या दिसू लागल्या. साखर. मीठ. चहा. मॅडमनी गाडी विकली. "आता माझ्या डोक्याचा भरवसा नाही," म्हणाल्या. त्यांना कायमचं इंग्लंडला न्यायला मुलगा येणार असं ठरलं.

त्या दिवशी हवाबी माझ्याकडे येऊन रडली. "बाई, चांगल्या माणसाला मी येडं केलं. सांगायला गेले तर काम जाईल."

तौहीद दारातच होता. "जाऊं दे काम! यल्ला, ऊठ."

तिने जाऊन सांगितलं. मॅडम खाली बसल्या.

"तू? नक्की तूच?"

"मीच. परत तोडून देऊ?"

"खबरदार हात लावलास तर!" मॅडम उठल्या, तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या ओरबाडून काढू लागल्या. मग मुलाला फोन करून सांगितलं, येऊ नकोस.

हवाबीचं काम राहिलं. पेटीतला पाळणाही तसाच रिकामा राहिला. पण नवी गाडी घ्यायचा धीर मॅडमना पुन्हा झाला नाही. दर शुक्रवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, हवाबी त्यांना टॅक्सीने समुद्रावर घेऊन जाते. समोर गाडी आडवी आली, की मागच्या सीटवर बसलेल्या मॅडमचा उजवा पाय ब्रेक दाबायला पुढे सरकतो.

"बाई," हवाबी मला म्हणाली, "मी तेव्हा खिडकीबाहेर बघते."