आप्पांच्या गाडीचा पिकअप

शिरूरला माझं गॅरेज आहे. जुन्या डिझेल गाड्यांच्या इंजिनाचा कॉम्प्युटर लॅपटॉपला जोडायचा, आतला प्रोग्रॅम बदलायचा आणि पिकअप वाढवून द्यायचा, हा माझा धंदा. एमआयडीसीतली पोरं मागं लागतात, "दादा, अजून थोडं वाढव ना!" वाढवतो. आपल्या बापाचं काय जातंय!

उलटं काम आयुष्यात एकदाच केलं, तेही माझ्याच बापाच्या गाडीवर.

आप्पा दौंडला राहतात. रेल्वेत इंजिन चालवून रिटायर झाले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी दिवस कलला की समोरचं धूसर दिसतं, पण स्टेअरिंग सोडायला तयार नाहीत. एका रविवारी आईचा फोन आला. "राहू गावाजवळ उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचलो बघ. ह्यांना सांगायची माझी टाप न्हाई. तूच काय ते कर."

सांगायची टाप माझीही नव्हती. सर्व्हिसिंगच्या निमित्तानं गाडी आणली, मूळ प्रोग्रॅम लॅपटॉपवर जपून ठेवला आणि पिकअप इतका मारला की गाडी चाळीसच्या पुढं जाईना. वीस मिनिटांचं काम. खरं सांगतो, काही वाटलंच नाही.

महिन्याभरात आप्पा स्वतःच गाडी घेऊन शिरूरला आले. चाळीसच्या वेगानं, दौंडहून! गॅरेजात सगळ्यांना जयभीम घातला, बॉनेट उघडलं आणि कान लावून उभे राहिले.

"आवाज तर चांगलाय. मग ओढत का न्हाई? बघ जरा तुझ्या मशीनवर."

मी केबल जोडली. स्क्रीनवर उगाच आकडे वरखाली केले. "आप्पा, इंजिन थकलंय. आता काही व्हायचं नाही."

"व्हय?" त्यांनी पुन्हा एकदा कान लावला. "मला तर ठणठणीत वाटलं. म्हंजी आता कानबी गेले म्हणायचे."

उभी नोकरी या माणसानं नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखलं होतं. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. त्यांनी चावी टेबलावर ठेवली आणि एसटीनं दौंडला गेले. मला ना सुटल्यासारखं वाटलं, ना वाईट वाटलं. पुढची गाडी आत घेतली.

आई सांगायची, आप्पा गप्पच असतात. घरातला मिक्सर बिघडला तरी हात लावत नाहीत, शेजाऱ्याला हाक मारतात. मी हूं हूं म्हणून फोन ठेवायचो. मूळ प्रोग्रॅम परत टाकून गाडी मीच वापरत होतो.

पुढं एकदा आप्पांचे डोळे दाखवायला त्यांना आणि आईला घेऊन त्याच गाडीनं दौंडहून पुण्याला निघालो. भांडगावच्या पुढं एक ट्रक वाट देईना. सवयीनं पाय दाबला आणि गाडी सुसाट पुढं निघाली. मी काय केलं ते लक्षात येईपर्यंत ट्रक मागं पडला होता.

यवत गेलं, उरुळी आली. मग आप्पा समोर बघतच म्हणाले, "तुला बोलता येत न्हवतं का रं? आप्पा, आता गाडी चालवू नका, एवढं तोंडानं म्हणला असतास, तर त्याच दिवशी चावी दिली असती."

"आईनं सांगितलं होतं," मी म्हणालो.

तेवढंच सुचलं मला. आई मागच्या सीटवर होती.