सुजाता मावशीचं लुकलुक

सुजाता मावशी अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये आमच्या समोरच राहते. इथे येऊन तिला वीस वर्षं होत आली, पण नागपूर तिच्या बोलण्यातून कोणालाही काढता आलेलं नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती एकदा म्हणे अडलेल्या प्रिंटरला म्हणाली, "काहून बे?" आणि प्रिंटर चालू झाला.

तिची नक्कल करायची तर मान किंचित तिरकी ठेवायची, आणि आवाज अजिबात न चढवता, समोरच्याला पळायला वाट न ठेवता बोलायचं. मला तिचा आवाज जमतो. तो न चढवणं जमत नाही.

गेल्या जानेवारीत तिच्या गाडीत टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागायला लागला. हवा तर बरोबर होती. ती दोनदा डीलरकडे जाऊन आली. दोन्ही वेळा तिथे पोचून गाडी परत सुरू केली, की दिवा गायब.

"अगं, थंडीने हवा आकसते," तिचे यजमान लहूकाका म्हणाले. "दिवा लागणारच."

"हवा कमी असली तर नुसता लागते. हा आधी लुकलुक करून राहिला, मग लागते. म्हणजे हवा नाही, सेन्सर खराब आहे. गाडीच्या पुस्तकात आहे."

शुक्रवारी वॉरंटी संपत होती. काकांनी शेवटी नको ते वाक्य म्हटलं. "मी बोलतो त्यांच्याशी. तुझं इंग्लिश त्यांना समजत नाही."

"माझं मीच बोलते," मावशी म्हणाली. "समजेपर्यंत बोलते."

बुधवारी ऑर्केस्ट्राच्या प्रॅक्टिसहून मला घरी आणताना तिने गाडी डीलरकडे वळवली. काउंटरवरचा ब्रॅड पाकात मुरवल्यासारखा बोलतो. त्याचं "शुअऽऽऽर थिंग" संपेपर्यंत आपण बूट काढून परत घालावेत. तो आमच्याबरोबर गाडीपाशी आला.

"लाइट इज डुइंग लुकलुक," मावशी म्हणाली.

ब्रॅडने वाकून डॅशबोर्डकडे पाहिलं. "आय ॲम लुकिंग, मॅम."

"नो, नो. लुकलुक."

बिचारा आणखी वाकला. आता त्याचं नाक स्टिअरिंगला टेकलं होतं. मागच्या सीटवर मी तोंडात हातमोजा कोंबला.

"मावशी, ब्लिंकिंग म्हण ना," मी कुजबुजले.

"मागच्या दोन्ही वेळा ब्लिंकिंगच म्हटलं होतं. शब्दाचं काही नाही, बाई. याचं गॅरेज गरम आहे, तिथे दिवा लागतच नाही." तिने किल्ली काढली. "सँपल गरम जागी ठेवलं तर रिपोर्ट चुकणारच."

मग तिने ब्रॅडच्या हातात किल्ली ठेवली. आज रात्री गाडी बाहेर, उघड्यावर ठेवायची. उद्या सकाळी ती येईल आणि ब्रॅड तिच्या शेजारी बसेल. हे सगळं तिने विनंतीच्या सुरात सांगितलं, पण ती विनंती नव्हती. ब्रॅडचं "शुअर थिंग" या वेळी फारच आखूड निघालं.

गुरुवारी थंडीमुळे शाळा बंद होत्या, म्हणून मीही चिकटले. काकांनी आम्हाला तिथे सोडलं. गाडीची काच खरवडून मावशीने ब्रॅडला शेजारी बसवलं, थर्मासमधला चहा त्याच्या हातात दिला आणि गाडी रस्त्यावर काढली. ब्रॅडचे गुडघे डॅशबोर्डला लागत होते. बराच वेळ काहीच झालं नाही.

"मॅम, आय थिंक..."

"ड्रिंक टी," मावशी म्हणाली.

तो प्यायला. आलं त्याच्या डोळ्यांत आलं. तेवढ्यात दिवा लागला, विझला, लागला, विझला. मावशीची नजर रस्त्यावर.

"इट्स ब्लिंकिंग," ब्रॅड म्हणाला. मग हळूच, "ओऽऽह. लुकलुक."

"येस," मावशी म्हणाली. "नाऊ यू आर लुकिंग."

परत आल्यावर ब्रॅडने मेकॅनिकला फोन लावला. "यॅऽऽ, सेन्सर्स. इट्स डुइंग द लुकलुक." मी आजवर पुष्कळ लोकांच्या नकला केल्या आहेत. पण मावशीची नक्कल दुसऱ्या कुणी केलेली पहिल्यांदाच ऐकली, आणि सुरुवात म्हणून वाईट नव्हती. शब्दात 'ळ' नसल्यामुळे तो वाचला.

चारही सेन्सर वॉरंटीत बदलून मिळाले. संध्याकाळी मावशीने मला भाजीचा डबा न्यायला बोलावलं, तेव्हा लहूकाका डिशवॉशरसमोर उकिडवे बसले होते.

"सुजाता," ते आतच बघत म्हणाले, "याची वॉरंटी मार्चपर्यंत आहे. जरा बोलशील का त्यांच्याशी?"

"काहून?" मावशी म्हणाली. "तुमचं इंग्लिश तर त्यांना समजते ना?"

आणि तिने फोन उचलला.