खांद्यावरची थाप

लॅबमध्ये त्याला सगळे ‘नमुना’ म्हणायचे. एकोणीस वर्षं तो लांबलांबच्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करून मोटरसायकलवरून लॅबमध्ये पोचवत होता, म्हणून हे नाव. बायकोच्या मते तेवढं कारण शोधायचीही गरज नव्हती.

गेल्या हिवाळ्यात कमरेतली नस दबली आणि डावा पाय घोट्यापासून लुळा पडला. गिअर नेमका डाव्या पायाशी, आणि पंजा काही केल्या वर उचलेना. स्कूटर घे म्हणणारे पुष्कळ भेटले, घेऊन देणारा एकही नाही. शेवटी लॅबच्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, “तुमची बायको फेरी करणार असेल तर काम तुमच्या घरातच राहील. महिनाभर थांबते. पण तिला एकटीला जमायला हवं. मागच्या सीटवर नळ्यांचा डबा असतो.”

तेव्हापासून रोज दुपारी बायको पुढे, तो मागे. क्लच, ब्रेक, वळणं हे सगळं तिने आठवड्यात उचललं. गिअर कधी बदलायचा, हे मात्र काही केल्या डोक्यात शिरेना. मग त्याने खूण ठरवली. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे वरचा गिअर, डाव्या खांद्यावर थाप म्हणजे खालचा. खूण इतकी अंगवळणी पडली की एकदा त्याने तिच्या डाव्या खांद्यावरची गांधीलमाशी उडवली, तर बायकोने भर वेगात खालचा गिअर टाकला आणि दोघांची हेल्मेटं एकमेकांवर आपटली.

“अगं, इंजिन कण्हायला लागलं की कळत नाही तुला?”

“तुमच्या कण्हण्यातून इंजिनाचं ऐकू आलं तर कळेल ना.”

थाप मारली नाही तर ती गिअरला पायही लावत नसे. तो मनातून धास्तावला होता. टेकडीवरच्या दवाखान्याचा चढ हिला एकटीला कसा जमणार?

रविवारी शेवटचा सराव होता. नसांच्या गोळ्यांनी त्याच्या अंगात शिसं ओतल्यासारखं झालं होतं. पुलापर्यंत त्याने थापा मारल्या. पुढचं त्याला आठवत नाही.

जाग आली ती गाडी थांबल्यावर. तो तिच्या पाठीवर डोकं टेकून बसला होता, आणि समोर टेकडीवरच्या दवाखान्याचं फाटक होतं. सगळा चढ खाली राहिला होता.

“मी थाप मारली का?”

“नाही. घोरत होतात.”

“मग गिअर?”

“पहिल्या वळणाच्या आधी तिसरा, वरच्या खड्ड्यापाशी दुसरा. कण्हायच्या आधी. तुम्हीच तर सांगता.”

“कधीपासून कळतंय तुला?”

ती हेल्मेटचा पट्टा सोडत राहिली. मग म्हणाली, “झाले की पंधरा दिवस.”

त्याचं डोकं फिरलं. “आणि मी रोज जिवाला घोर लावून घेतोय! बोलायला काय झालं होतं?”

“घरात दिवसभर तोंड उघडत नाही तुम्ही. भिंतीकडे तोंड करून पडता. गाडीवर बसलात की तासभर माझ्यावर ओरडता.” तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. “तेवढंच जरा बरं वाटायचं मला.”

आपण इतके दिवस शिकवत नव्हतो, आपल्याला सांभाळलं जात होतं, हे त्याला फार लागलं. तो फाटकाच्या कट्ट्यावर बसला.

“उद्यापासून मी काय करू गं दिवसभर?”

“झोपा,” ती शेजारी बसत म्हणाली. “एकोणीस वर्षांची बाकी आहे. आणि संध्याकाळी मी आले की काय काय चुकलं ते विचारा. चुकलं नसेल तर मी काहीतरी बनवून सांगेन.”