बोगुमिवाचा नावदिवस

अन्याय झाला तो बोगुमिवा आजींवर, गेल्या दहा जूनला, दुपारच्या चहाच्या वेळी. ब्लॅकटाउनच्या ज्या वृद्धाश्रमात मी काम करते तिथे त्यांना सगळे 'मिली' म्हणतात. सोपं पडतं म्हणे.

त्या दुपारी आजी लिपस्टिक लावून खोलीच्या दारात उभ्या होत्या. डायनिंग रूममधले कप आणून त्यांनी आपल्या टेबलावर मांडले होते.

"आज माझा दिवस. लोक येतील. बोलवावं लागत नाही."

मॅनेजरबाईंनी टॅबवर जन्मतारीख पाहिली. "मिली डार्लिंग, बर्थडे नोव्हेंबरमध्ये आहे!" आणि कप उचलायला लागल्या. आजींनी त्यांच्या हातावर चापट मारली. झाली नोंद: गोंधळलेल्या, आक्रमक.

मी म्हटलं, आधी मुलीला फोन तरी करा. माझा पुणेकर सहकारी कुजबुजला, "बाई, शिफ्टला आलीयेस की मोर्चाला?"

अंधार पडायच्या आत आजींना कुलपाच्या विंगमध्ये, स्मृतिभ्रंश झालेल्यांना ठेवतात तिथे, हलवलं.

दुसऱ्या दिवशी पर्थहून मुलीचा फोन आला. काल लाइनच लागली नव्हती. तिने सांगितलं, पोलंडच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या नावाचा असतो, दहा जून बोगुमिवाचा. आईच्या पिढीत वाढदिवसाहून तोच मोठा. केक करायचा, दार उघडं ठेवायचं, ज्याला आठवण आहे तो आपणहून येतो. "बोग म्हणजे देव, मिवी म्हणजे प्रिय. देवाची लाडकी. फार जुनं स्लाव्ह नाव आहे. काल तिला कोण भेटलं?"

काय सांगणार, कपाळ? कुलूप भेटलं.

मी मॅनेजरबाईंना हे सगळं सांगितलं. "ओह, लव्हली," म्हणाल्या. नोंद तशीच राहिली, आजीही तिथेच राहिल्या. आपल्याकडे आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. आजींच्याही कानात कुणीतरी पहिल्यांदा ते नाव घेतलंच असेल. आता तिथे दिवसभर 'मिली, मिली' चालतं आणि त्या मान वळवत नाहीत. त्याचीही नोंद होते: प्रतिसाद नाही. मी बोगुमिवा म्हणते तेव्हा त्या आधी दाराकडे बघतात, मग माझ्याकडे. एकटीच आलेली बघून पुन्हा भिंतीकडे वळतात.

पाहुणा आला की विंगचं कुलूप उघडावंच लागतं, नियमच आहे. म्हणून येत्या दहा जूनला दुपारी ब्लॅकटाउनला या. केक आणा. आमंत्रणाची वाट बघू नका. आणि आत शिरताना त्यांना त्यांच्या नावाने हाक मारा, मॅनेजरबाईंना ऐकू जाईल अशी.