अनंतातून येणारी चारी

माझ्या थोरल्या साडूंइतका सरळ मनाचा आणि वाकड्या रेषांचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. इंदापुरात ते गणित शिकवत. कोपरा त्यांना सहन होत नसे. भाकरी ते कडेनं गोल गोल खात, आणि रस्त्यात वळायचं असलं की दहा पावलं आधीपासून कलायला लागत; त्या नादात एकदा सुप्याच्या बाजारात त्यांनी मडक्यांची अख्खी उतरंड आडवी केली. "टोक आलं की रेषेचा जीव जातो," असं म्हणत. मी नुसती मान हलवी.

चौतीस-पस्तीस सालचा उन्हाळा असेल, ते बारामतीला आमच्या मळ्यावर आले. भावकीच्या पाच तुकड्यांना कालव्याचं पाणी न्यायला नवी चारी काढायची होती. शिकलेला पाहुणा म्हणून आखणी त्यांच्यावर सोपवली. त्यांनी प्रत्येक तुकड्यात एक खुंटी ठोकली आणि जाहीर केलं, "कुठल्याही तीन खुंट्या एका ओळीत नाहीत. म्हणजे पाचांतून एकच शांकव जाणार, आणि त्याला कुठंही कोपरा नसणार!" शांकव म्हणजे शंकू कापल्यावर मिळणारी वळणदार रेषा, हे मला मागाहून कळलं; ही कुणी बाई असावी, असं आमच्या चुलत्यांना वाटलं.

दोन दिवस आकडेमोड करून त्यांनी चुन्याची फक्की टाकली. रेषा सुरेख वळत चार खुंट्यांवरून गेली आणि माळाकडे निघून गेली. पाचवी खुंटी पार्वताकाकूच्या वांग्यांत. तिथं फक्कीचा वेगळाच तुकडा, उलट्या बाजूला वळलेला.

"मास्तर, ह्यो तुकडा चारीला जोडलाय कुठं?" काकूनं विचारलं.

"काकू, दोन्ही मिळून एकच रेषा आहे. ती इकडून अनंतात जाते आणि पलीकडून तुमच्याकडे येते."

काकूनं माळाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "व्हय? मग तितनं पाणी कवा यायचं? पाळी उद्या हाय. वांग्यांनी माना टाकल्यात."

बाकीचे फक्कीवरून चारी खणू लागले, तेव्हा साडूंनी स्वतः कुदळ उचलली आणि चारीपासून काकूच्या वांग्यांपर्यंत थेट काटकोनात फाटा काढला. हातांना फोड आले. दुसऱ्या दिवशी पाणी त्या कोपऱ्यात अडखळलं, वळलं आणि वांग्यांत शिरलं. साडू तेवढा वेळ पाठ करून उभे होते.

इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हळूच विचारलं, "पण ती रेषा एकच होती, हे तुम्हाला तरी पटलं ना?"

मला एक अक्षर कळलं नव्हतं. "पटलं की," मी म्हणालो.

मोटार हलेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.